पत्रिकेवरची ओळ

तासिकेवरची मास्तरकी सोडून धम्मपालनं टेंभुर्णीत पुस्तकांचं दुकान टाकलं. उद्घाटनाच्या पत्रिकेवर त्यानं मोठ्या हौसेनं छापलं, ‘हार-तुरे नकोत, एक पुस्तक आणा.’

गावानं ते फारच मनावर घेतलं. जो तो त्याच्या हातात पुस्तक ठेवायचा अन् म्हणायचा, “खास जालन्याहून आणलं बरं का!” दुपार कलली तोवर टेबलावर ढीग लागला, पण कपाटातलं एकही पुस्तक हललं नव्हतं. हसून हसून धम्मपालचे गाल दुखायला लागले.

शेवटी शेजारच्या बेबीनंदाकाकू आल्या आणि रिकाम्या हातानं दारातच ओशाळून उभ्या राहिल्या.

 

“बाबा, मला जालन्याला जाणंच झालं न्हाई. अन् आपल्या गावात कुठं मिळतंय पुस्तक?”