खंडेनवमीची बंदूक

नवरा गेल्यावर आसावरीने त्याची शिकारीची बंदूक विकायला काढली, तेव्हा अमेरिकेतल्या त्यांच्या प्लेनो गावातला त्याचा जिगरी दोस्त उल्हास सगळ्यात आधी धावत आला. प्रत्येक खेपेला तो तिचा चहा प्यायचा, बंदुकीवर नवा ओरखडा शोधायचा आणि किंमत पाडायचा. खंडेनवमीला तिने मुद्दाम फोन केला, “दुसरं गिऱ्हाईक आलंय हं!” उल्हास तडक हजर. देव्हाऱ्यापुढे बंदूक हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून ठेवलेली. “वहिनी, मागाल ती किंमत देतो, बास!” “आधी नमस्कार करा, भाऊजी.” तो गुडघे टेकून वाकला. “शेजारच्या रॉयला दिली मी. येईलच न्यायला.” “त्या म्हाताऱ्याला? केवढ्याला?” “फुकट. ह्यांना केमोला तोच ड्राइव्ह करून न्यायचा. तुम्हाला मीटिंगा असायच्या ना!” उल्हास गुडघे झटकत उठला. तिने त्याच्या तळहातावर चार साखरफुटाणे ठेवले. “घ्या भाऊजी, हा तुमचा वाटा.”