दम

शिंप्याच्या हृदयाची झडप निकामी होती आणि फुप्फुसात क्षय.

तिसऱ्या मजल्यावरचे हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "आधी क्षय बरा करा, मग झडप बदलू."

तळमजल्यावरचे छातीचे डॉक्टर म्हणाले, "औषधं सहा महिन्यांची. तेवढं हृदय टिकणार नाही. आधी झडप."

दोघंही फोन न करता फाइलवर लिहीत. फाइल रुग्णानेच न्यायची, असा नियम. लिफ्ट बंद. डॉक्टरांसमोर धापा टाकणं बरं दिसत नाही, म्हणून शिंपी जिन्यात बसून दम खायचा, शर्ट नीट करायचा आणि मगच आत जायचा.

पाचव्या फेरीला हृदयाच्या डॉक्टरांनी शेरा मारला, "रुग्ण तीन मजले सहज चढतो. शस्त्रक्रियेची घाई नाही."

बायको म्हणाली, "तरी सांगत होते, दम खायचा तो त्यांच्या दारात खावा."