रांजणाची बोहनी

"आज पण काही नाही," संकर्षणनं बेंगळुरूहून फोनवर सांगितलं, आणि इकडं म्हैसूरमध्ये जमुनाबाईंनी सुस्कारा सोडला.

दुकान ऑनलाइन होतं. त्यात निळीत रंगवलेल्या ओढण्या होत्या, सगळ्या जमुनाबाईंच्या हातच्या. जयलक्ष्मीपुरमच्या घरामागं, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, एक मातीचा रांजण होता. त्यात नीळ, चुना आणि गूळ आंबत असत, आणि वास पार फाटकापर्यंत येई.

गिऱ्हाइकाची वाट मात्र जमुनाबाईंपेक्षा त्यांचा मुलगाच जास्त पाहत होता. त्याला कारण सातव्या मजल्यावरची एक खोली.

वडील गेल्यावर संकर्षणनं आईला बेंगळुरूला न्यायचं ठरवलं. फ्लॅटमध्ये तिच्यासाठी खोली होती, खोलीला खिडकी होती, आणि खिडकीतून समोरच्या फ्लॅटची खिडकी दिसत होती. म्हैसूरचं घर घ्यायला एक डॉक्टर तयार होते. येऊन पाहूनही गेले होते. जमुनाबाई नाही म्हणाल्या नाहीत.

"येते की," त्या म्हणाल्या. "पण रांजण लावलाय रे. नीळ लावलेला रांजण बोहनीआधी सोडून जायचा नसतो. घराला लागतं."

संकर्षण इंजिनियर होता, त्यामुळं परंपरेपुढं त्याचं काही चालत नसे. आपण मूळचे रंगारी, एवढं त्याला माहीत होतं. पुढचं कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलं नव्हतं. वडील कॉलेजात गणित शिकवायचे, आई टेलिफोन खात्यात होती. पिरियापट्टणचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, त्याच्या जन्माआधीच गेले होते. आणि शाळेत आजोबांचा धंदा कोणी विचारत नाही. त्याची बायको नमिता एकदा म्हणाली, की अत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, जन्मभर टेलिफोन जोडले, मग हे रंगवायला शिकल्या कधी? "रक्तात असतं," संकर्षण म्हणाला. पहिल्या दोन ओढण्या शेवाळी निघाल्या होत्या, पण त्याचं कारण त्यानंच दिलं, की हाताची सवय मोडलीय.

बोहनी लवकर व्हावी म्हणून दुकानही त्यानंच उघडलं. फोटो काढले. 'आमची गोष्ट' या पानावर पिरियापट्टणच्या रंगारी घराण्याविषयी तीन परिच्छेद लिहिले, त्यात रांजणाची प्रथाही घातली. पानाखाली लोकांनी भरपूर बदाम टाकले. ओढणी कोणी घेतली नाही. मग त्यानं किंमत उतरवली. स्वस्त म्हणून लोक घेत नसतील असं वाटल्यावर चढवली. कशाचा काही उपयोग झाला नाही.

शेवटी त्यानं ऑफिसात आपल्या हाताखाली असलेल्या गगनला एक ओढणी मागवायला सांगितलं.

ऑर्डर आल्याबरोबर जमुनाबाईंनी गगनला आभाराचा फोन केला. ओढणी कोणासाठी, लग्न झालंय का, मुलगी कुठली, नोकरी कुठं, साहेब कसे आहेत, अशी मायेनं चौकशी केली. साहेबांचं नाव कळल्यावर आशीर्वाद दिला आणि ऑर्डर रद्द केली.

"आपल्याच माणसाची बोहनी चालत नाही रे," त्या मुलाला म्हणाल्या. "सुम्ने, उगाच, त्या बिचाऱ्याला कशाला त्रास?"

डॉक्टरांचा धीर सुटत चालला होता. दसऱ्यापर्यंत थांबतो, नाहीतर दुसरं घर बघतो, असं त्यांनी कळवलं. नमितानं सासूच्या खोलीतल्या कपाटात आपल्या साड्या ठेवायला सुरुवात केली होती. त्या तिनं परत काढल्या, मग परत ठेवल्या.

दसऱ्याला आठवडा उरला असताना गुवाहाटीहून ऑर्डर आली. कोणी एक बाई होती. संकर्षणनं तिला सगळीकडं शोधलं. नात्यात नाही, ओळखीत नाही, ऑफिसात तर नाहीच. इतकं परकं माणूस त्याला आजवर लाभलं नव्हतं. तो त्याच दिवशी गाडीच्या मागच्या सीटवर रिकामी खोकी घालून म्हैसूरला आला.

शेजारची वाणी कॉफी प्यायला आली होती. ती कॉलेजात इतिहास शिकवते. तिच्यासमोरच जमुनाबाईंनी ओढणीची घडी घातली आणि गुंडाळायच्या कागदाच्या कोपऱ्याला कुंकू लावलं.

"आयतु, आई," संकर्षण म्हणाला. "झाली बोहनी."

"झाली रे बाबा."

जमुनाबाई घडीवरून हात फिरवत राहिल्या. संकर्षणला वाईट वाटलं. डॉक्टरांना उद्या कळवतो, तो हळूच म्हणाला.

"कळव की. आता एवढंच राहिलं, त्या बाईनं परत घेतलं पाहिजे."

"म्हणजे?"

"पहिलं गिऱ्हाईक फिरून आलं की मग रांजण उतरवायचा. सांगितलं नव्हतं का मी? वय झालं बघ."

संकर्षणनं खोक्यांकडं बघितलं. दसऱ्याच्या आत गुवाहाटीच्या बाईला दुसऱ्या ओढणीची गरज पडेल का, याचा त्यानं विचार केला असावा. मग मोबाईल काढून त्यानं 'आमची गोष्ट'मध्ये चौथा परिच्छेद घातला. प्रथा लिहायची तर अर्धवट नको. डॉक्टरांना फोन करून दुसरं घर बघायला सांगितलं, आणि पार्सल घेऊन कुरियरवाल्याकडं गेला.

फाटक वाजलं. वाणीचे डोळे भरून आले होते. असलं काही आता कुठं उरलंय, ती म्हणाली. हे सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

"मावशी, पिरियापट्टणला तुमच्या माहेरी किती पिढ्या रंगकाम चाललं?"

"माहेरी?" जमुनाबाईंनी रांजणावर झाकण ठेवलं. "अप्पा तंबाखूच्या गोदामात वजन करायचे गं. हे मी मोबाईलवर बघून शिकले, डॉक्टर घर बघून गेले त्या दिवशी."