आघाडीचे पेढे

पोटनिवडणुकीला अजून तीन महिने होते आणि उमेदवार सून आताच पेढे वाटायला निघालेली पाहून हौसाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी खोकाच हिसकावून घेतला.

“आत्याबाई, पक्षाच्या पोरांनी घरोघरी विचारलंय. आपणच पुढे आहोत. आता खालच्या वाडीला कशाला पाय झिजवायचे?”

“पोरं तुझा फोटो लावलेल्या जीपमधून फिरली. त्यांच्या तोंडावर नाही कोण म्हणेल गं?” हौसाबाई कडाडल्या. “परवा विरोधकांची पोरं इथं आली होती. भाड्यानं आणलेली, घर कुणाचं तेही ठाऊक नव्हतं. मी चहा पाजला आणि सांगितलं, या घरातली सगळी मतं तुमच्याच ताईंना.”

सून खदाखदा हसली. “आणि त्यांनी ते खरं मानलं?”

“मानलं की. तुझ्यासारखंच.”

सुनेचं हसू जागीच विरलं. “आत्याबाई, आपली पोरं आली तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?”

“तुझंच नाव सांगितलं.”

“आणि मत?”

हौसाबाईंनी खोका फडताळात टाकला. “ते मागायला तू अजून माझ्याकडे आलीस कुठं?”