स्टुलावरची मुलगी

मुलांच्या जादूच्या मालिकेत माणूस गायब करणं ही शुद्ध फसवणूक असते. जादूगार कांडी फिरवतो, कॅमेरा थांबवतात, बाकीचे पुतळ्यासारखे उभे राहतात, मुलगी स्टुलावरून उठून बाजूला जाते आणि कॅमेरा पुन्हा सुरू होतो.

त्या दुपारी जादूगाराने कांडी फिरवली आणि स्टूल रिकामं झालं.

“फर्स्ट क्लास!” दिग्दर्शक ओरडला.

“साहेब,” कॅमेरामन म्हणाला, “मी कॅमेरा थांबवलाच नव्हता.”

मुलीची आई धावत सेटवर आली. तिने पडद्यामागे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. “चिमे, पुरे झाला चावटपणा! बाहेर ये.”

“आई, मधे येऊ नकोस ना,” रिकाम्या स्टुलावरून आवाज आला. “अजून कट कुठे म्हटलंय? जरा हललं तरी काका ओरडतात.”

आईने स्टूल चाचपलं. हाताला काहीच लागलं नाही, पण लाकूड गरम होतं.

“अहो, कट म्हणा! म्हणा ना!”

त्या हरामखोराने आधी शॉट मॉनिटरवर पुन्हा पाहून घेतला. मग म्हणाला, “कट.”

“चिमे?”

आईच्या हाताखाली लाकूड गार पडलं.