मूळ प्रत

"मूळ बातमी वाचताना मन बाजूला ठेवा, फक्त नोंद करा," पाटणकरसर सांगायचे. सर आता हयात नव्हते, पण वृत्तपत्रविद्या विभागातल्या या खोलीत शिरताना सुलक्षणाला त्यांचं सांगणं आठवायचंच.

बाहेर प्रत्येकाला त्याच्या जिवाला सोसेल तेवढीच बातमी मिळायची. वाचणाऱ्याची नाडी बघून यंत्र ती लिहायचं. मूळ प्रत उरली होती ती फक्त इथे, अभ्यासापुरती.

तिने आजची सतरावी प्रत उघडली. ट्रॉलर बुडून पाच खलाशी मृत. तिसरं नाव दिगंबर तांडेल. तिने तक्ता भरला : 'मृतांची नावे : आहेत.'

शेजारच्या सावित्रीकाकींच्या फोनवर मात्र वीस दिवस त्यांच्या मुलाची, दिगंबरची, बोट लांबच्या बंदरात सुखरूप उभी होती. परवा काकी म्हणाल्या होत्या, "बाय, तुझ्या कॉलेजात खरी बातमी मेळता म्हणे. माझ्या दिगूचा काय ता माका सांग. वायट असला तरी सांग."

"सांगेन, काकी."

"चल गं, डबा खाऊ," नयनाने दारातून हाक मारली. "चेहरा काय देवळातल्या खांबासारखा केलायस!"

"इथली बातमी बाहेर सांगितली तर काय होतं गं?"

"नाव काढून टाकतात. दोन वर्षं पाण्यात. का?"

"काही नाही. तू जेव."

सुलक्षणाने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, चपला पायात सरकवल्या आणि ती तांडेलांच्या घराकडे चालू लागली.