निरीक्षणाखाली

"कारण?" मेहबूबभाईंनी टाइपरायटरवरची बोटं न उचलता विचारलं.

"कावीळ," वैजनाथ म्हणाला.

"मला कावीळ झाली नव्हती," शेजारी उभी असलेली त्याची मुलगी म्हणाली.

कोर्टाबाहेरच्या त्या टेबलापाशी जून-जुलैत गॅप सर्टिफिकेटवाल्यांची रांग असते. बारावीनंतरचं वर्ष का वाया गेलं, हे स्टॅम्पपेपरवर लिहून दिल्याशिवाय इंजिनिअरिंगचं कॉलेज दारात उभं करत नाही. शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटर येऊन वर्ष झालं होतं. मेहबूबभाई मात्र अजून टाइपरायटरवरच होते. आजवर त्यांनी इतक्या पोरांना कावीळ करून दिली होती, की साथ आली असती तरी एवढी झाली नसती. पण खुद्द पोरीनेच ती नाकारण्याची ही पहिलीच वेळ.

"बेटा, वर लिहिलंय, 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की'. खाली सही तुझी येणार. काय लिहायचं ते दोघं ठरवा."

वैजनाथने आवाज खाली आणला. "नमू, आयटीच्या कंपन्या कॉलेजात येतात तेव्हा सगळी फाइल उघडून बघतात. डोक्याच्या डॉक्टरचं एकदा कागदावर आलं की संपलं. कावीळ बरी होते. परत कुणी विचारत नाही."

"मीही बरी होतेय ना, बाबा?"

वर्षभरात ती कधी चार-चार दिवस अंथरुणातून उठली नव्हती, तर कधी पहाटेपर्यंत बोलत सुटली होती. बरं होणं म्हणजे नक्की काय, हे डॉक्टरांना विचारायचीही त्याची छाती झाली नव्हती.

"वर्षभर घरी काय केलंस, ते तरी सांग," मेहबूबभाई नम्रताला म्हणाले. त्यांना पुढची गिऱ्हाईकं होती.

"एक तारा बघत होते." तिने पिशवीतून एक लांबट वही काढून टेबलावर ठेवली. "खगोल मंडळाने दुर्बीण दिली होती. वाघोलीला, आमच्या गच्चीवरून. रूपविकारी तारा आहे तो."

"विकारी? म्हणजे आजारी?"

"नाही हो. लहान आहे. अजून वयातच आलेला नाही. पोटातली भट्टी नीट पेटायची आहे, आणि भोवतालची धूळ, वायू अजून त्याच्यावर पडतोय. त्यामुळे कधी लखलखतो, कधी मलूल होतो. काही नेम नाही."

"मग पुढे?"

"पुढे होतो स्थिर. काही कोटी वर्षांत."

"आणि तोवर वहीत काय लिहायचं?"

"दिसला तेवढा लिहायचा. कालचा आकडा बघायचा नाही. शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी ताडून आजचा तेवढा लिहायचा." तिने वही उघडून रकान्यांवरून बोट फिरवलं. "तो का मंदावला, ते लिहायला रकानाच नाही."

वैजनाथने वही ओढून घेतली. नगर रोडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात त्याची वीस वर्षं गेली होती. रजिस्टर बघायची नजर त्याला होती. तारीख, वेळ, आकडा. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही. ही त्याच्याच विभागाची पद्धत. जेवताना कधीतरी बोलला असेल, पोरीने उचलली होती.

मग नोव्हेंबरचं पान आलं. 'गच्चीला कुलूप. निरीक्षण नाही.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ओळीने अकरा दिवस. कुलूप कुणी लावलं, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

कुलूप त्यानेच आणलं होतं. पोरगी रात्री एकटी वर जाते, जिवाचं काही करून घेईल, या भीतीने. भीती खरी होती. पण तिच्याआड लाजही होती. शेजारपाजारचे काय म्हणतील, ही लाज. इतके दिवस त्याने ती स्वतःपाशीसुद्धा कबूल केली नव्हती. आता भर दुपारी, त्या रांगेत, केली.

तोवर टाइपरायटर खडखडून थांबला होता. मेहबूबभाईंनी वाचून दाखवलं, "सदर वर्षी मी घरी निरीक्षणाखाली होते." आणि जीभ चावली. "सवयीने झालं हो. दवाखान्याचे कागद टाइप करून करून बोटं आपोआप तिकडेच जातात. नवा स्टॅम्प घ्यावा लागेल."

"राहू दे," नम्रता म्हणाली. "तेही खरंच आहे."

"आहे," वैजनाथ म्हणाला. त्याने खिशातलं पेन काढलं. 'निरीक्षणाखाली'वर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि वर लिहिलं, 'ताऱ्याचे निरीक्षण करीत'.

"कॉलेजवाले हसतील, साहेब."

"हसू देत."

"मग खोडलंय तिथे बाजूला सही. आणि खाली एक."

नम्रताने आधी बाजूला सही केली. गोळ्यांमुळे तिचा हात कापत होता. अक्षरं बारीक, तिरपी, एकमेकांत गुंतलेली आली. तिने पेन खाली ठेवलं, बोटं उघडमीट केली, दीर्घ श्वास घेतला आणि खाली सही केली. ही मोठी, मोकळी, ओळीबाहेर गेलेली.

मेहबूबभाईंनी चष्मा पुसून कागद डोळ्यांजवळ धरला. "जुळत नाहीत. आत नोटरीसाहेब विचारणार, यातली पोरीची सही कुठली?"

वैजनाथने वही मिटली आणि तिच्या हातात दिली.

"दोन्ही तिच्याच," तो म्हणाला.